विहीणबाईंकडचे बर्नर

पंप मारून झाला की अप्पा उजवा हात वर करायचे. तळहात आमच्याकडे, चौकातला पोलीस गाड्या थांबवतो तसा. "बोलू नका. ते बोलायलंय," एवढंच म्हणायचे आणि मान तिरकी करून स्टोव्हचं ऐकत बसायचे. कितीही मोठा माणूस भेटायला आलेला असो, त्या वेळी अप्पांच्या ओट्यावर त्याला गप्प बसावं लागे. ज्योत पिवळी असेपर्यंत कुणी खोकायचंही नाही. मग ती निळी व्हायची, भर्र असा एकसारखा आवाज लागायचा, हात खाली यायचा आणि आम्ही सगळे एकदम बोलायला लागायचो. मी मात्र तोवर दाराजवळच उभी असे. मला त्या यंत्राची भीती वाटायची आणि ती मी कधी लपवली नाही.

तुमच्याही गल्लीत असा एखादा छंदिष्ट असेलच. कुणी नाणी जमवतं, कुणी जुने रेडिओ. आमच्या शेजारच्या अप्पांनी स्टोव्ह जमवले. तेसुद्धा आपल्या आयांच्या स्वयंपाकघरातले उंच तीन पायांचे नव्हेत, तर प्रवासातले. पत्र्याच्या डबीत मावणारे, पाय दुमडून ठेवता येणारे, कधीकाळी तंबूत, शिकारीत नाहीतर जमीन मोजणाऱ्यांच्या मुक्कामावर वापरलेले. अप्पांचं लातुरात भांड्यांचं दुकान होतं. लोक मोडीला पितळ आणून टाकायचे आणि अप्पा ते पोतं वितळवायला पाठवण्याआधी आपल्या हातानं उपसायचे.

पहिला स्टोव्ह त्यांना भूकंपानंतर मिळाला. किल्लारीच्या बाजूला मदतीला आलेल्या बाहेरच्या लोकांचे तंबू उठले आणि कुणीतरी मागे राहिलेली एक डबी मोडीत आणून घातली. त्या दिवसांत लातुरातही माणसं घरात झोपायला धजत नव्हती. सगळी गल्ली रस्त्यावर. अप्पांनी तो स्टोव्ह खटपट करून चालू केला, गल्लीच्या तोंडाशी मांडला आणि सगळ्यांना चहा पाजला. "तवा भिताडाकडं बघायची भीती वाटायची," ते सांगायचे, "पण चहा पिताना कुणाचा हात कापला न्हाई बगा." तिथून जे लागलं ते लागलंच. हैदराबादचा जुना बाजार, नांदेडचे भंगारवाले, कुठूनही पिशवी भरून घरी यायचे.

आणि कपाटात ठेवून बघत बसणं त्यांना मान्य नव्हतं. प्रत्येक स्टोव्ह पेटला पाहिजे. आज याच्यावर चहा, उद्या त्याच्यावर सुशीला. घरात गॅस असताना नवरा ओट्यावर बसून चुरमुरे परततोय, हे बघून काकू कपाळाला हात लावायच्या. "लोकाचे नवरे दारू पितेत," त्या मला म्हणायच्या, "आमचे राकेल पितेत." एकदा दोन्ही घरं मिळून इस्लापूरच्या पुढे सहस्रकुंडाला गेलो. धबधब्याच्या वाऱ्यानं ज्योत धरेना. पोटात कावळे ओरडतायत, खिचडीचं पाणी थंड, आणि अप्पा खडकाआड उकिडवे बसून हात वर करून आम्हाला गप्प करतायत. "दम धरा. पितळ तापू द्या." मी मनातल्या मनात त्या पितळेला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. खिचडी मात्र झाली, आणि ती चांगली होती.

त्यांचा मुलगा मन्मथ इथल्याच एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा. तिथेच राजेश्वरी जीवशास्त्र शिकवायची. दोघांचं जमलं होतं, जात एक, पोटजातीचाही अडसर नव्हता, म्हणजे आमच्याकडे याहून सोपं लग्न असू शकत नाही. तिचे आईवडील उमरीहून घर बघायला येणार, एवढाच उपचार उरला होता. आदल्या दिवशी मध्यस्थ बाईचा काकूंना फोन आला. मुलीची मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, सासरी वारली होती. कशानं, तर स्टोव्हचा भडका उडाला.

आपल्याकडे हे वाक्य कसं वापरलं जातं, तुम्हाला सांगायला नको. काकू फोन ठेवून माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. घराच्या पुढच्या खोलीत, दार उघडल्या उघडल्या दिसेल अशी भिंतभर फळ्यांवर स्टोव्हची रांग. त्या आईनं आत पाऊल ठेवलं की संपलंच.

"माझ्याकडे आणून ठेवा," मी म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

अप्पांना ते आवडलं नाही. पण मन्मथचं तोंड बघून ते तयार झाले. कपडे धुवायच्या पत्र्याच्या टबांत घालून, वर धुणं पसरून, आम्ही सगळे स्टोव्ह भरदिवसा माझ्या घरी आणले आणि माझ्या लोखंडी पलंगाखाली सरकवले. वरून चादर जमिनीला टेकेल अशी सोडली. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

पाहुणे आले. आई उंच, वाळलेली, कमी बोलणारी. भिंतींकडे, दारांकडे, काकूंच्या हातांकडे बघत होती. फळ्यांवर आता देवाच्या तसबिरी आणि प्लॅस्टिकची फुलं होती. सगळं सुरळीत चाललं होतं. पोहे झाले, चहा यायचा होता. तेवढ्यात त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी जरा शेजारी बसून येते."

बघा, किती शहाणी माणसं आम्ही. मुलीकडचे लोक घर बघायला आले की शेजारी चौकशी करतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माणसं कशी आहेत, सासू तोंडाळ आहे का, मुलगा काही खातो-पितो का, हे शेजारणीला विचारल्याशिवाय आपल्याकडे कुणी मुलगी दिली आहे का? आणि आम्ही नेमकी त्या शेजारणीच्याच घरात सगळी चोरी नेऊन ठेवली होती.

त्या माझ्यामागून आल्या आणि खुर्ची सोडून थेट पलंगावर बसल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. माझं लक्ष त्यांच्या पायांकडे.

"माणसं कशी हायत?"

"चांगली आहेत."

"सासू?"

"बोलते, पण मनात ठेवत नाही."

"सासरा?"

"देवमाणूस आहे," मी म्हणाले, जरा जास्तच मोठ्यानं.

त्यांनी पाय मागे घेतले आणि टाच टबाला लागली. पितळ पत्र्यावर आपटून जो आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वाकून चादर वर केली. बराच वेळ त्या तशाच वाकलेल्या होत्या.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

माझे आहेत असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात दारातून आवाज आला. "माझे हायत." अप्पांना तिकडे बसवलं नसणार, मागोमाग आले होते. "सगळे माझे हायत. ताईनं नुसते ठिवून घेतलेत."

"लपवले कशाला?"

"तुमी भ्याल म्हणून."

त्या पलंगावरून उठल्या नाहीत. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. "माझ्या बहिणीचा स्टो मी बघितला होता," त्या म्हणाल्या. "पोलिसांनी आणून ठिवलेला. कुठं चीर न्हाई, पोचा न्हाई. पंप जागच्या जागी. तरी भडका उडाला म्हणले अन् सगळ्यांनी माना हलवल्या. मीबी हलवली. तवा मला कळतच नव्हतं."

नीट ठेवलेला स्टोव्ह आपणहून कधी भडकत नाही, यावर अप्पांचं एक भाषण होतं. आम्ही ते शंभरदा ऐकलेलं. आता ते सुरू होणार म्हणून मी डोळे मिटले. पण अप्पा काही बोलले नाहीत. खाली मान घालून उभे राहिले. त्या माणसाविषयी मला आधी नुसती माया होती, त्या दिवशी आदर वाटला.

चहा न घेताच पाहुणे गेले. अर्थ सगळ्यांना कळला.

मन्मथनं बापाशी बोलणं टाकलं. राजेश्वरीनं तो क्लास सोडला आणि उमरीला जाऊन बसली. स्टोव्ह माझ्या पलंगाखालीच होते. अप्पा न्यायला येईनात आणि मला विचारवेना. ओटा रिकामा. एवढा काळ ज्या आवाजाला भ्याले, तो नाही म्हणून मला सकाळी चुकल्यासारखं व्हायला लागलं.

मग एक दिवस अप्पा पाना घेऊन आले. माझ्या फरशीवर मांडी घालून बसले, एकेक स्टोव्ह बाहेर ओढला आणि त्याच्या माथ्यावरचा बर्नर, जिथून ज्योत निघते तेवढा पितळी तुकडा, फिरवून काढायला लागले. काही अडून बसले होते. त्यांना फडक्यात धरून, दात खाऊन काढले.

"काय करताय अप्पा?"

"जीव काढून घ्यायलोय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं उमरीला निघालो. मी सोबत गेले ती काकूंनी पाठवलं म्हणून. "तुमी जावा ताई, ह्यांना तिथं तोंड उघडायचं न्हाई," असं त्या म्हणाल्या. नांदेडपर्यंत बस, पुढे रेल्वे. सगळा रस्ता अप्पांनी बर्नरांची कापडी पिशवी मांडीवर धरली होती. मला वाटत होतं, दारातूनच हाकलतील.

हाकललं नाही. पाणी दिलं. पण बसा म्हणाल्या त्या अशा आवाजात, की मी खुर्चीच्या कडेलाच टेकले. अप्पांनी पिशवी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"हे बर्नर हायत. सगळ्यांचे. हे काढलं की स्टो म्हंजे नुसता तांब्या, पाणी प्यायच्या कामाचा. तुमच्यापाशी ठिवा."

"मोडीत का घालत न्हाई एकदाचे?"

"मन होत न्हाई," अप्पा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण पेटवायचे का न्हाई, ते तुमी ठरवा. पोरगी आमच्या घरी नीट हाय असं तुमच्या मनाला वाटंल तवा एखादा द्या. न्हाई वाटलं तर देऊ नका. मी मागणार न्हाई."

त्या पिशवीकडे बघत राहिल्या. राजेश्वरी आतल्या दारात उभी होती, तिचे वडील खिडकीतून बाहेर बघत होते.

"माझी लेक स्टोला हात लावणार न्हाई," शेवटी त्या म्हणाल्या.

"न्हाई."

"कधीच न्हाई."

"मी हाय तवर न्हाई."

त्यांनी पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. बाहेर आल्या तेव्हा हातात साखरेची वाटी होती.

लग्न झालं, स्टोव्ह माझ्या पलंगाखालून परत त्यांच्या फळ्यांवर गेले. नवी सून पहिल्या पंचमीला माहेरी गेली, आठ-दहा दिवस राहून परत आली. आल्या आल्या अप्पा दुकानातून घरी. विचारणार नाही असा शब्द दिलेला, त्यामुळे विचारता येईना. नुसतेच पिशव्यांभोवती घुटमळत होते. काकूंनी लाडवांचा डबा उघडला, तर लाडवांच्या खाली कागदात गुंडाळलेला एक बर्नर. "आईनं दिलाय," राजेश्वरी म्हणाली. अप्पांनी तो हातात घेतला आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले. मी माझ्या खिडकीतून सगळं बघत होते आणि माझेही डोळे भरले, कबूल करते.

त्यानंतर हा नियमच पडला. दिवाळीला एक, संक्रांतीला एक. मुलगी माहेरी गेली की आई तिला उजेडात बसवून हात, गळा, पाठ बघते, असं राजेश्वरीनंच मला एकदा सांगितलं. पाठीवर कधी काही नव्हतं. पण आईचं बघणं थांबलं नाही. बघून झालं की ती उठून आत जायची आणि पिशवीत हात घालायची.

अप्पा आलेला बर्नर बसवायचे, ओट्यावर बैठक जमायची. राजेश्वरी उंबऱ्यावर बसायची, हात मांडीत धरून. अप्पा तिला बर्नरांमधला फरक सांगायचे, कुठल्याला किती आटे, कुठला उलटा फिरतो. ती बघायची. काडेपेटी मागितली तरी पुढे करायची नाही. काकू द्यायच्या.

आणि मग एका दिवाळीला काहीच आलं नाही. डबा उघडला, चिवडा उपसला, शंकरपाळ्या उपसल्या. तळाला नुसता कागद. राजेश्वरी खाली बघत होती. अप्पांनी कुणालाच काही विचारलं नाही, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

कारण दुसऱ्या दिवशी काकूंनीच मला सांगितलं. दिवाळीच्या आधी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मन्मथनं ताट भिंतीवर फेकलं होतं. क्लासचा त्रास, डोक्याला ताप, अशी कारणं. फेकलं ते फेकलं. आणि ते आईला कळलं होतं.

मन्मथ ओट्यावर चपला घालत होता, तेव्हा अप्पांनी त्याला अडवलं. मी दारातच होते. माझ्यासमोर नको, असं काही अप्पांना वाटलं नाही.

"काल का न्हाई आलं, कळलं का तुला?"

"अप्पा, एवढ्याशा बर्नरसाठी..." मन्मथ हसला.

"बर्नरसाठी न्हाई रे. ती बाई तिथं उमरीत झोपली न्हाई. तू ताट फेकलंस. तिला त्याच्या पुढचं दिसलं."

"मी काय तसला माणूस आहे का?"

"तिच्या बहिणीच्या नवऱ्याला विचारलं असतं, तर त्योबी हेच म्हणला असता."

मन्मथचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता हा बापाच्या अंगावर जातो. गल्लीत भाजीवाली आली होती, तीही गाडा धरून थांबली. मन्मथनं चपला घातल्या आणि निघून गेला. संध्याकाळी घरी आला तोपर्यंत काकूंनी देवापुढचा दिवा दोनदा विझलेला बघून पुन्हा लावला होता. आल्यावर तो थेट राजेश्वरीकडे गेला. काय बोलला ते मला माहीत नाही. पण त्या रविवारी तो एकटाच उमरीला गेला आणि सासूसमोर बसून आला.

तरी संक्रांतीला काही आलं नाही, पंचमीलाही नाही. डबा रिकामा यायचा आणि घरात सगळे एकमेकांशी जपून बोलायचे. मन्मथच सगळ्यांत आधी डबा उघडायला लागला. पुढच्या दिवाळीला, लाडवांखाली, कागदात बर्नर होता. त्यानं तो बापाच्या हातात दिला आणि आत निघून गेला.

पिशवीतले काही अजून उमरीतच होते, तेव्हा अप्पा गेले. दुकानात बसल्या बसल्या. त्यांच्यात अग्नी देत नाहीत, माती देतात. जन्मभर विस्तवाशी खेळलेला माणूस विस्तवाशिवायच गेला, असं माझ्या मनात आलं आणि मला रडू फुटलं.

तेरावा उरकून माणसं पांगली तेव्हा विहीणबाई आल्या. तीच कापडी पिशवी हातात. काकूंजवळ बसल्या, पाठीवरून हात फिरवला, आणि पिशवी फळीखाली रिकामी केली. "राहिलेले सगळे आणलेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या हातात द्यायचे होते. मलाच उशीर झाला."

मन्मथनं एक बर्नर उचलला, एका स्टोव्हवर फिरवून बघितला. बसेना. दुसरा घेतला, तोही नाही. कुठला कुणाचा, ते फक्त अप्पांना ठाऊक, असं म्हणून त्यानं हात सोडले.

राजेश्वरी पुढे झाली. एक बर्नर घेतला, बोटांत फिरवून आटे बघितले आणि खालच्या फळीवरच्या एका बुटक्या स्टोव्हवर बसवला. बरोबर बसला. मग दुसरा. मग तिसरा, तो उलटा फिरवून.

"तुला कसं येतंय?" आईनं विचारलं.

"बघत बसायचे मी. हात न्हाई लावला, आई. त्यांनी लावू दिला न्हाई."

शेवटचा बर्नर बसला. तो स्टोव्ह खाली फरशीवर होता, टाकीत थोडं राकेल होतं. काकू त्याच्याकडे बघत होत्या. आम्ही सगळेच बघत होतो. राजेश्वरीनं हात मागे घेऊन मांडीत ठेवले आणि आईकडे बघितलं. मी सवयीनं दाराजवळ सरकले होते.

विहीणबाई उठल्या. लेकीच्या मागे गुडघे टेकून बसल्या. तिच्या खांद्यावरून पुढे लोंबणारा पदर त्यांनी ओढून घेतला, कमरेभोवती गुंडाळून घट्ट खोचला आणि सुटत नाही ना, म्हणून दोनदा हिसका देऊन बघितला. मग फळीवरची काडेपेटी काढून तिच्या हातात दिली.

"लाव," त्या म्हणाल्या. "मी हितंच बसते."